अक्षर लागत नाही

काल्यु पिहलाक आला तेव्हा
बुटांवरचा बर्फ खाली जिन्यातच झटकून आला होता,
तरी दाराशी उभाच राहिला
दुसऱ्याच्या लग्नात चुकून शिरल्यासारखा.
जानेवारी. तार्तूत साडेतीनलाच अंधारतं.

मी त्याला फॉर्म दिला.
संस्था: रिकामी.
पदवी: रिकामी.
संशोधनाचा विषय, इथे तो बराच वेळ
पेन्सिल धरून बसला, आणि लिहिलं:
अकरापैकी नऊ पेट्या गप्प आहेत.

नियम मला तोंडपाठ.
पेन नाही. पाणी नाही. कोट बाहेर.
हातमोजे लागत नाहीत, लोकांना उगाच वाटतं,
फक्त हात धुवा आणि कोरडे पुसा.
तो धुवायला गेला तो दहा मिनिटं आलाच नाही.
आला तेव्हा बोटं लाल, घासून घासून,
आणि भेगांतलं काळं तसंच.
"हे निघत नाही," म्हणाला. "पोळ्याचा डिंक आहे."

पुस्तक तळहाताएवढं. रीगात छापलेलं, सतराशे अडुसष्ट.
कुणा पाद्रीबुवांनी जमीनदारांसाठी लिहिलेलं,
मधमाश्या कशा राखाव्यात.
फोमच्या उशीवर उघडून ठेवलं, पान मिटू नये म्हणून
शिशाचे मणी भरलेली दोरी वर.
त्या टोकेरी जर्मन अक्षरांपुढे त्याचा चेहरा पडला.
मी खुर्ची ओढून शेजारी बसले
(आम्ही असं करत नाही,
पण त्या दिवशी दुसरं चिटपाखरू नव्हतं)
आणि सांगू लागले:
हिवाळ्यात पेटीवर तीनदा ठोकावे,
आतून गुणगुण आली तर समजावे, सर्व क्षेम.

त्यानं मान हलवली. नाही, अशी.
मग त्याचं बोट, कागदाला न टेकता,
समासात थांबलं.

तिथे एक खरड आहे. तपकिरी, फिकट,
कडेला पोचता पोचता खाली घसरलेली.
मला ती माहीत होती. या पुस्तकाची नोंद
बावीस वर्षांपूर्वी मीच केली:
समासात खरड. अक्षर लागत नाही.

काल्यु आधी नुसते ओठ हलवत होता.
मग मोठ्यानं वाचलं, त्याच्या दक्षिणेकडच्या बोलीत,
जी मला बाजारात अंडी घेण्यापुरतीच कळते:
लबाड हाय ह्ये. ठोकू नगा.
दचकत्यात, घोळका मोडतो, गारठून मरत्यात.
कान लावा.

"कुणी लिहिलंय?" मी विचारलं,
जणू तो त्या माणसाला नुकताच भेटून आला होता.
त्यानं खांदे उडवले. असेल कुणी वेठीचा गडी.
मग मी अडवायच्या आत वाकला
आणि खरडीखालचा पिवळा थेंब हुंगला.
"चरबी नाही. मेण आहे.
मेण तर मालकाचं असायचं."
आणि पहिल्यांदा हसला.
"चोरलं असंल बेट्यानं."

पाच वाजता मी पुस्तक डब्यात ठेवलं, डबा फळीवर.
तो कोटाची बटणं लावत होता, चुकीच्या काजांत.
माझ्याकडे न बघता म्हणाला,
"मी रोज ठोकत होतो. सकाळ-संध्याकाळ.
काळजीनं."

काय बोलायचं असतं अशा वेळी?
मी त्याला बसची वेळ सांगितली.

नंतर नोंद उघडली. जुनी ओळ खोडली,
त्याची ओळ घातली, त्याच्याच बोलीत, शुद्ध न करता.
वाचन कुणाचं, या रकान्यात त्याचं नाव.
पुढे पदवी विचारत होतं.
पेट्या अकरा, असं लिहिलं.

आणि उठता उठता, का कोण जाणे,
शोधाच्या चौकोनात तेच तीन शब्द टाकले:
अक्षर लागत नाही.
चारशे बारा नोंदी.
सगळ्या माझ्या नाहीत.
पुष्कळशा माझ्याच.